देव्हाऱ्यामागची भिंत

दसरा उलटला की जबलपूरच्या आसपास पुताईचे दिवस लागतात. पुण्या-मुंबईचा माणूस 'रंगकाम' म्हणेल, पण पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेल्या मराठी घरांना हिंदीतली 'पुताई'च जवळची वाटते. पूर्वी चुना कटनीचा असे. कटनी १९९८ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तेही जबलपुरातच मोडत होतं. आता पुट्टी आणि डिस्टेंपर आलं, पण मुदत तीच राहिली: दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंतचे अठरा-वीस दिवस. जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागून भेडाघाट मागे टाकलं की येणारा, नर्मदाकाठचा शहपुरा तालुका याला अपवाद नाही. पलंग अंगणात येतो, कूलर गच्चीवर जातो, कपाटं खोलीच्या मधोमध ओढून त्यांच्यावर जुनं लुगडं टाकलं जातं. सगळ्यात शेवटी देव्हारा उरतो आणि काम तिथे थबकतं. पुताईवाला शिडीला टेकून उभा असतो, घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. देव काढायचे की नाहीत? काढायचे तर कुणी, ठेवायचे कुठे, किती दिवस? बऱ्याच घरांत यावर तोडगा निघतो तो भित्रा. देव्हाऱ्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला जातो आणि मागचा चौकोन तसाच राहतो. अशा घरात कधी देव्हारा हललाच, तर मागे दोन-तीन रंगांआधीची भिंत दिसते. फिकट निळा चुना, त्यावर समईच्या काजळीचा वर निमुळता होत गेलेला पट्टा, तेलाचे ओघळ, खालच्या फटीत कुंकवाने लाल झालेल्या चार अक्षता आणि मुंग्यांची वाट.

प्रश्न घरगुती दिसतो, पण त्याच्या पोटात एक तात्त्विक प्रश्न आहे. देवत्व जागेला चिकटलेलं असतं का? 'देव हलवू नयेत' असं म्हणताना आपण नेमकं कशाला भितो? थंड मुलखात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत भिंतीला रेडिएटर असतो. रंग द्यायचा झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायच्या, आतलं पाणी भांड्यात काढायचं, मग तो उचलून ठेवायचा. नळीपासून सुटला की तो नुसतं लोखंड, ऊब संपली. आपली भीती साधारण अशीच असते. देव्हाऱ्याच्या मागे, भिंतीच्या आत कुठे तरी एक न दिसणारी नळी आहे, तिच्यातून देवाकडे काहीतरी येतं, आणि देव उचलले की ती तुटते. माझं म्हणणं असं की घरच्या देवांच्या बाबतीत ती नळी भिंतीत नाहीच. ती पूजा करणाऱ्या हातात आहे. आणि याला पुरावा हवा असेल तर तो वेदान्तात शोधत जायची गरज नाही, रोजच्या पूजेत पडलेला आहे.

रोज सकाळी काय होतं ते पाहावं. देव एकेक करून उचलले जातात, ताम्हणात ठेवले जातात, त्यांच्यावर पाणी पडतं, सणावाराला पंचामृत पडतं. मग ते पुसले जातात, गंध लागतं आणि परत आपापल्या जागी बसतात. पितळेचा बाळकृष्ण, चांदीचे टाक, अन्नपूर्णा, शंख, घंटा, सगळ्यांना रोज जागा सोडावी लागते. ज्या घरात पूजा नेमाने होते, तिथला देव वर्षाकाठी निदान तीनशे पासष्ट वेळा हलतो. न हलणारा देव फक्त दोनच ठिकाणी असतो: जिथे प्रतिष्ठाच अचल केली आहे अशा देवळात, आणि जिथे पूजा बंद पडली आहे अशा घरात. शास्त्रकारांनी चल आणि अचल असा भेद केला तो उगाच नाही. घरच्या मूर्ती चल असतात. चल म्हणजे हलवता येणारी. त्यांना हलवून चालेल का, हे विचारणं म्हणजे पोळपाटाला उचलायची परवानगी मागण्यासारखं आहे.

हे इतकं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता. पण आपल्याच आचारात याच्या उलट जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. पहिली गणपतीची. उत्तरपूजा होते, अक्षता वाहिल्या जातात आणि मूर्ती जागेवरून किंचित, बोटभर, सरकवली जाते. त्या बोटभर हलवण्याने देवत्व उतरलं असं मानतात. मघापर्यंत ज्याच्यासमोर आरती चालली होती ती आता माती, पाण्यात सोडायला मोकळी. म्हणजे हलवण्याने देव जातो, हे आपण दरवर्षी स्वतःच्या हाताने मान्य करतो! दुसरी गोष्ट नवरात्राची. कितीतरी देशस्थ घरांत घटस्थापनेला देव विड्याच्या पानांवर बसवतात आणि नऊ दिवस त्यांना हात लावत नाहीत. स्नान नाही, पुसणं नाही, बसल्या जागी फूल आणि माळ. म्हणजे न हलवणं हीसुद्धा पूजाच. मग ताम्हणातल्या आंघोळीचा दाखला देऊन मी कुणाला फसवतो आहे?

या दोन उदाहरणांकडे नीट पाहिलं तर ती माझ्या बाजूने बोलतात. गणपती सरकवताना जो देव जातो तो सरकण्याने जात नाही. आधी निरोप दिला गेला आहे, परत येण्याची विनवणी झाली आहे, मगच हात लागला आहे. तोच गणपती दुकानातून घरी येताना, पाटावर बसताना, आरास मनासारखी जमेना म्हणून मुलांनी मखर इकडून तिकडे करताना हलतोच, आणि तेव्हा कुणी काही गेलं असं मानत नाही. हलणं तेच, पण त्यामागचा संकल्प वेगळा. नवरात्रातले नऊ दिवसही असेच. तिथे न हलवणं हे व्रत आहे आणि व्रताला आरंभ आणि शेवट असतो. 'देव बसले' म्हणणारी जीभच दसऱ्याला 'देव उठले' म्हणते. बसलेल्यांना उठायचं असतं हे भाषेनेच ठरवून टाकलं आहे. गंमत अशी की इकडे पुताईचा मुहूर्त नेमका देव उठल्यावर लागतो. हा योगायोग हवापाण्याचा आहे, कारण ओल गेल्याशिवाय चुना धरत नाही. पण सोयीचा योगायोग आहे.

शिवाय ज्या देवांना आपण जागेवरून हलवायला कचरतो, ते तिथे आले कसे? अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सून माहेराहून आणते. म्हणजे प्रत्येक पिढीत देव्हाऱ्यात निदान दोन देव दुसऱ्या गावचे येतात. जबलपूरच्या बाबतीत तर अख्खे देव्हारेच बाहेरून आले. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, १७९८ मध्ये मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ मध्ये इंग्रज आले. या राजवटींबरोबर आणि पुढे इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी घरं इथे उतरली, त्यांचे कुलदेव कोकणात, जेजुरीला, तुळजापूरला. टाक मात्र गाठोड्यात बांधून बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने नर्मदेपर्यंत आले. शेकडो मैलांच्या प्रवासात ज्यांचं देवपण गळून पडलं नाही, त्यांचं ते ओसरीपासून माजघरापर्यंत जाताना गळेल?

पंचायतनाकडे पाहिलं तर हे आणखी ठळक होतं. पाचही देव दगडच, आणि पाचही प्रवासी. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबडा दगड शोणेचा, देवीची शिळा स्वर्णमुखीची, सूर्याचा स्फटिक दक्षिणेतला आणि शिवाचं बाण नर्मदेचं. शोण आणि नर्मदा दोन्ही अमरकंटकच्या परिसरात उगम पावतात, म्हणजे पाचांतले दोघे एका डोंगरावरून निघालेले. यातलं बाणलिंग या वादात फार महत्त्वाचं आहे. त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, आवाहन लागत नाही, विसर्जनही नाही. नर्मदेतून निघाला तो दगड मुळातच शिव. नर्मदेतला प्रत्येक कंकर शंकर, असं या काठावरचा नावाडीही म्हणतो. आता हे बाण गुळगुळीत, लंबगोल का असतं? पाण्याने ते वर्षानुवर्षं तळावरून लोटलं, इतर दगडांवर घासलं, डोहात भोवंडून काढलं म्हणून. ज्याला परंपरेने सगळ्यात पक्कं, कुणाच्याही मंत्रावाचून सिद्ध असलेलं दैवत मानलं, त्याला तो आकारच मुळी हलत राहिल्याने आला. शहपुऱ्यातल्या माणसाने नदीकडे एकदा पाहून यावं आणि मग देव हलवावेत का हे विचारावं.

आता आक्षेप. वास्तुशास्त्राचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात फार दम नाही. देव ईशान्येला असावेत हा नियम कायमच्या मांडणीचा आहे. चार दिवसांसाठी पाहुणा माजघरात झोपला म्हणून घराचा नकाशा बदलत नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. तो असा: देव कुठेही ठेवा, तो देवच, असं एकदा मान्य केलं तर मग त्याला पाटावर तरी कशाला ठेवायचं? पडद्याच्या कड्या, जुन्या वायरी आणि चपलांच्या खोक्यात टाकला तरी काय बिघडलं? औंढ्या नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव असं त्यांनी नामदेवांना सांगितलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पाय जिकडे फिरवावे तिकडे पिंड. या कथेचा पुष्कळांनी घेतलेला अर्थ असा की जागेचा, दिशेचा, पाटाचा सगळा खटाटोप पोकळ. मला तो अर्थ घाईचा वाटतो. कथेतले नामदेव विसोबांचे पाय जमिनीवर आपटत नाहीत, दर वेळी हळूच उचलून ठेवतात. सगळीकडे देव आहे हे कळल्यावर हात सैल सोडायचे नसतात, उलट कुठेच सैल सोडता येत नाहीत. खोक्यातल्या देवाचं देवपण कमी होत नसेल, पण खोक्यात टाकणाऱ्याच्या हाताची सवय बिघडते, आणि मी आधीच म्हटलं आहे की नळी त्या हातात आहे. याच औंढ्याची दुसरी कथाही लक्षात ठेवावी. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं तेव्हा देऊळच फिरलं म्हणतात. महाराष्ट्राच्या भक्तिकथांत जागा सोडायला देवाने कधी का-कू केलेली नाही. का-कू करतात ती माणसं.

तिसरा आक्षेप कायद्याच्या दप्तरातून येतो आणि तो सगळ्यात अवघड आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात घरच्या देवाची सेवा पाळीपाळीने चाले. एकाने आपल्या पाळीत देव स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क मागितला, बाकीच्यांनी हरकत घेतली. भांडण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९२५ मध्ये लॉर्ड शॉ यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा: घरचा देव म्हणजे कुणाची जंगम मालमत्ता नव्हे, की उचलला आणि नेला. त्याने कुठे राहावं याबाबत त्याचीही इच्छा मानली पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा कुणीतरी त्याच्या वतीने उभा राहिला पाहिजे. विलायतेच्या न्यायाधीशांनी बंगाली ठाकुराच्या इच्छेची विचारपूस करावी, यात थोडा विनोद आहे. पण मुद्दा खोल आहे. तो माझ्या म्हणण्याला छेद देतो असं प्रथमदर्शनी वाटतं. देव चल असेल, पण तो तुमच्या सोयीने चल नाही, असं निकाल सांगतो. मला हा मुद्दा कबूल आहे. हलवण्याला हरकत नसून ज्याला सोय हवी आहे त्यानेच न्यायाधीशही व्हावं याला हरकत आहे. पुताईच्या वेळी देवाच्या वतीने कोण बोलतं? बहुतेक घरांत एक म्हातारी बोलते, 'आधी पूजा होऊ दे, मग काढा' एवढंच. लॉर्ड शॉंना हवा होता तो निःस्वार्थी प्रतिनिधी आपल्याकडे नऊवारीत बसलेला असतो.

हा सोयीचा आणि हेतूचा प्रश्न देवळांत जास्त उघडपणे दिसतो, कारण तिथे प्रतिष्ठा अचल आणि तरी डागडुजी अटळ. पंढरपूरला १५ मार्च २०२४ पासून जूनच्या सुरुवातीपर्यंत गाभाऱ्याचं काम चाललं. चढवलेली चांदी उतरवली, मूळ दगड मोकळा केला. विठ्ठलाला जागेवरून न हलवता काचेच्या आवरणात सांभाळलं, पदस्पर्श बंद ठेवला आणि मुखदर्शन चालू राहिलं. कोल्हापूरला २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं तेव्हा दुसरी वाट घेतली. विधीने देवीचं तेज कलशात घेतलं, कारागिरांचे हात मूर्तीला लागले, आणि काम झाल्यावर ते तेज परत मूर्तीत. जगन्नाथपुरीला तर हे दरवर्षी होतं. ज्येष्ठ पौर्णिमेला एकशे आठ घडे पाण्याने स्नान झाल्यावर देवांना ताप येतो, पंधरा दिवस दर्शन बंद राहतं, त्यांच्याजागी पटावरच्या चित्रांची पूजा होते, आणि आत त्यांना नव्याने रंग चढतो. देव स्वतःच रंगकामासाठी रजेवर जातात आणि परत येतात तेव्हा त्या दर्शनाला नवयौवन म्हणतात. देवळातल्या देवांचीही जर अशी सोय होते, तर दोन इंचाच्या बाळकृष्णासाठी एवढं घाबरायचं कारण काय?

पण कलशाची हीच कल्पना पंढरपुरात एकदा वेगळ्याच कामासाठी वापरल्याचं सांगतात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. देऊळ उघडणार हे दिसल्यावर काही कर्मठांनी मूर्तीतलं देवत्व घागरीत काढून घेतलं, म्हणजे आत येणाऱ्यांना नुसता दगड दिसावा, अशी हकीकत आहे. कोल्हापूरचा कलश आणि ही घागर, विधी म्हणून पाहिलं तर सख्ख्या बहिणी. एकीत देव ठेवला तो परत बसवण्यासाठी, दुसरीत काढला तो कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तात्पुरतं काढणं कधी निर्मळ आणि कधी पाप, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि इथे घरच्या पुताईकडे परत यायला हवं, कारण ती घागर लहान आकारात अजून पुष्कळ घरांत आहे. 'देव हलवू नयेत' या वाक्यामागे नेहमी देवाची काळजी असतेच असं नाही. पुष्कळदा ती रंगवणाऱ्याच्या हाताची असते. देव्हाऱ्यामागचा चौकोन बिनरंगाचा राहतो तो कुठल्या वचनामुळे नव्हे, त्याचा ब्रश तिथवर पोचू नये म्हणून. आणि काही घरांत देव काढले जातात तेही त्याची सावली पडू नये म्हणूनच. न हलवणं आणि हलवणं, दोन्हींत एकच मळ. सोवळ्याचं नाव घेतलं की तो मळ दिसेनासा होतो एवढंच. माझ्या मते रंग देणाऱ्यालाच 'जरा हात लाव, देव्हारा उचलू' म्हणता येत असेल तर ते घर पुताईला खरोखर तयार आहे.

एक आक्षेप राहिला, तो उलट्या बाजूचा. विवेकवादी मित्र म्हणतील, दगड आणि पितळ उचलून ठेवण्यावर इतका खल कशाला? यावर मी त्यांना देव मानायला सांगणार नाही. एवढंच विचारीन की घरातली प्रत्येक वस्तू एकाच किमतीची आहे का. जी वस्तू पाच पिढ्यांनी रोज हातात घेऊन धुतली, तिला कपाटासारखं ओढू नये हे कळायला आस्तिक असावं लागत नाही. उलट आस्तिकाला एक वेगळी सावधगिरी लागते, कारण धोका हलवण्यात नसून लांबण्यात आहे. चार दिवसांसाठी माजघरातल्या पाटावर गेलेले देव तिथे सोयीचे वाटू लागतात. मग नव्या भिंतीवर समईची काजळी नको म्हणून दिवा विजेचा होतो. मग तिथे टीव्ही चांगला दिसेल असं कुणाला तरी सुचतं. देव कुणी काढून टाकत नाही, ते परत नेले जात नाहीत, इतकंच. त्या चार दिवसांत पाटावर पूजा होते आहे का आणि परत नेण्याचा दिवस ठरला आहे का, हे दोन प्रश्न विचारले तर पुरे. दिशा, तिथी, कापडाचा रंग हे त्यांच्यानंतर.

परत नेण्यात एक साधी अडचण येते, तिचा उल्लेख शास्त्रात सापडणार नाही. लाकडी देव्हारा भिंतीला ज्या दोन खुंट्यांवर किंवा स्क्रूंवर टांगलेला असतो, त्यांची भोकं पुताईवाला सवयीने बुजवून टाकतो. पुट्टीवर घासकागद फिरला, दोन हात रंग चढला की भिंत सपाट होते आणि जुनी जागा बोटाने चाचपूनही सापडत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी त्या दोन भोकांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवतात आणि शिडीवरच्या माणसाला सांगून ठेवतात, 'भैया, ये दो छेद मत भरना.'